एकशे चौदामधली डोरीन

ओटावातल्या एका मोटेलच्या रिसेप्शनवर उत्कर्षा पार्ट-टाइम काम करायची. साताऱ्याहून कॉलेजसाठी आलेली, दुसरं वर्ष. मागच्या बाजूच्या बारा खोल्या एका संस्थेनं नोव्हेंबरपासून बेघर लोकांसाठी घेतल्या होत्या. हिवाळ्यात त्या नाहीतरी ओसच पडायच्या, त्यामुळे मालक खूश होता. मे महिन्यात कालव्याकाठी ट्युलिप फुलले, पर्यटकांची रीघ लागली आणि मालकानं करार संपवला.

एकशे चौदा नंबरच्या खोलीत डोरीन होती. वय एकसष्ट. बावीस वर्षं तिनं शाळेची बस चालवली होती. ती भाड्यानं राहायची ते घर तिच्या घरमालकाला पर्यटकांना द्यायचं होतं, म्हणून ती रस्त्यावर आली होती.

"शुक्रवारी सगळ्या खोल्या रिकाम्या हव्यात," मॅनेजर नंदकुमार म्हणाला.

"सर, डोरीनला सोमवारी बेघरांच्या शेल्टरमध्ये बेड मिळणार आहे. तिचं इन्सुलिन फ्रिजमध्ये ठेवावं लागतं. तीनच दिवस..."

"मला नको सांगूस. मीपण नोकरीच करतो इथं."

अकरा खोल्या रिकाम्या झाल्या. एकशे चौदाच्या नोंदीसमोर उत्कर्षानं कॉम्प्युटरवर लिहिलं, 'नळ गळतोय, दुरुस्ती चालू.'

शनिवारी सकाळी डोरीन ब्रेकफास्ट रूममध्ये कॉफी घेऊन बसली होती. मार्कहॅमहून ट्युलिप बघायला आलेली यामिनी काउंटरपाशी आली. मागे नवरा जयदीप आणि दोन मुलं.

"अगं, तू मराठी! बरं झालं. ती बाई बघ ना, पिशव्या घेऊन केव्हाची बसलीय. होमलेस वाटते. मुलं अनकम्फर्टेबल होतायत गं."

उत्कर्षा तडकली. "ताई, ती सहा महिने इथं राहतेय. तुम्ही काल ज्या खोलीत झोपलात, तिथं परवापर्यंत एक बाई आणि तिची मुलगी होती. आता त्या कुठं आहेत, मला माहीत नाही. तुम्हाला माहितीय?"

"एक्सक्यूज मी," जयदीप म्हणाला, "आम्ही फक्त बुकिंग केलं."

"हो ना! मालक म्हणतो, मी धंदा केला. सर म्हणतात, मी नोकरी केली. तुम्ही बुकिंग केलं. मग ह्या लोकांना बाहेर काढलं कुणी?"

तिचा आवाज एवढा चढला की ब्रेकफास्ट रूममधले चमचे थांबले. नंदकुमार धावत आला. यामिनीनं डोरीनकडे बोट दाखवून सगळं सांगितल्यावर तो थेट एकशे चौदामध्ये गेला. नळ कोरडा ठणठणीत होता.

"बॅज काढ," परत येऊन तो एवढंच म्हणाला. तिच्याकडे बघायचं मात्र त्यानं टाळलं.

बाहेर पार्किंगमध्ये डोरीन उत्कर्षावरच भडकली. "मी सांगितलं होतं का तुला? नोकरी घालवून बसलीस! आता कशी राहणार आहेस?"

"माहीत नाही. चल आधी."

उत्कर्षा भाड्यानं राहायची त्या बेसमेंटमधल्या रूममेट कृतिका आणि केया यांनी सोफा रिकामा करून दिला, इन्सुलिनला फ्रिजमध्ये जागा केली. सोमवारी शेल्टरवाले म्हणाले, बेड दुसऱ्याला गेला. उत्कर्षा रोज फोन करत राहिली आणि रोज तेच गोड आवाजातलं सॉरी ऐकत राहिली. नवव्या दिवशी घरमालकानं सांगितलं, एकतर ती बाई जाईल नाहीतर तुम्ही सगळ्या जा.

शेवटी किंग्स्टनला बेड मिळाला, दोन तासांवर. उत्कर्षानं इन्सुलिन गोठलेल्या मटारच्या पाकिटासोबत डब्यात भरलं. दोघी बस स्टेशनला निघाल्या, पण कालव्यापाशी सिटी बस अडकली. फुलांचे फोटो काढणारे लोक रस्ता ओलांडत होते, संपतच नव्हते.

"हॉर्न दे की!" डोरीन मागून ओरडली. ड्रायव्हर हसला फक्त.

ती उठून पुढं गेली, वाकली आणि स्वतःच हॉर्न दाबून धरला. लोक दचकून बाजूला झाले. उत्कर्षानं खिडकी सरकवली आणि त्या सगळ्यांना साताऱ्याच्या खणखणीत मराठीत शिव्या घातल्या. कुणाला काही कळलं नाही. काहींनी हसून हात हलवला.