सिंगापूरहून एका दिवसात

बोटीवरच्या नवऱ्याचा, पांतेलिसचा फोन आला तेव्हा मार्केला सकाळची कॉफी करत होती. "सिंगापूरहून विमानात बसतोय. उद्या दुपारी घरी," एवढंच बोलून त्यानं फोन ठेवला. आणि त्याच दिवशी, ऊन उतरायच्या आत, स्वारी बॅग घेऊन दारात उभी!

ग्रीसच्या कियॉस बेटावर घरटी एक तरी माणूस बोटीवर असतो. कुठल्या बंदरावरून घरी यायला किती वेळ लागतो, हे इथल्या बायकांना तोंडपाठ. सिंगापूर ते अथेन्स नऊ हजार किलोमीटर. थेट विमान मिळालं तरी अकरा तास, वर अथेन्सला खोळंबून बेटावरचं छोटं विमान. मार्केलानं हा हिशेब सासूपुढं मांडला.

सासू आर्गिरो लेकाच्या बाजूची. "तिकडचं घड्याळ पुढं असतं गं. इकडे येताना तेवढे तास वाचतात."

"फोन माझ्या घड्याळानं आला, आई. घड्याळं कुठलीही असोत, विमान हवेत राहायचं तेवढं राहणारच ना?"

"पुरे गं! आल्या आल्या उलटतपासणी!" म्हणत सासू अंगणात संत्री तोडायला गेली.

मार्केला नवऱ्यासमोर बसली. "विमान कुठं बदललंस?"

"दुबईला."

"खायला काय दिलं?"

"कोंबडी." त्यानं मान वर केली नाही. एरवी बोटीवरून आला की त्याच्या कपड्यांना इंजिनाच्या तेलाचा वास असायचा. आज शर्टाला कडक इस्त्री.

"तिचं नाव सांग," मार्केला म्हणाली.

"कुणाचं?"

"अथेन्सवालीचं."

त्यानं बॅग पायानं बाजूला सारली. मग हळूच म्हणाला, "इसिदोरोस."

इसिदोरोस त्याचा थोरला भाऊ. वडिलांच्या मातीला आला नाही, म्हणून आईनं त्याचं नावच टाकलं होतं.

"त्याचं यकृत गेलंय. बोट मी कधीच सोडली, अथेन्सच्या इस्पितळात त्याच्याजवळ होतो. सकाळी तुला फोन केला आणि लगेच डॉक्टर म्हणाले, आईला भेटवायचं तर आत्ताच. तसाच निघालो. आता तिला सांगायला जीभ उचलत नाही."

"त्याचा आवाज ऐकव मला."

पांतेलिसनं फोन लावला. पलीकडून थकलेला आवाज आला, "मार्केला? पोचला का गं तो?"

"पोचला," ती म्हणाली. मागं वळून पाहिलं तर सासू दारात उभी. तिनं सगळं ऐकलं होतं.

"अथेन्सला जायला किती वेळ लागतो रे?" आर्गिरोनं विचारलं.

"पाऊण तास, आई."

"एवढाच?" म्हणून ती खुर्चीत बसली. मग म्हणाली, "सकाळचं पहिलं विमान बघ."

ती पोचली तेव्हा इसिदोरोस शुद्धीवर होता. चार दिवस तिनं त्याला स्वतःच्या हातानं भरवलं. मग त्याला बेटावर आणून वडिलांच्या शेजारी पुरलं.

मार्केला मात्र नवऱ्याशी महिनाभर नीट बोलली नाही. कारण चांगलं होतं, कबूल. पण ती दुबई, ती कोंबडी इतक्या सहज त्याच्या तोंडी आली कशी, हे तिच्या मनातून जाईना.