कर्ण्याचं तोंड डोंगराकडे

सयाजीशेटच्या थोरल्या मुलीच्या लग्नात कोंडाजीचा कर्णा आंब्यावरून उतरवला गेला, ते पोलादपूरच्या साऱ्या खोऱ्यानं पाहिलं होतं.

कोंडाजी शेतकरीच; पण काही वर्षं मुंबईत रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात काढून त्यानं एक जुनं मशीन, माईक आणि पत्र्याचा मोठा कर्णा गावी आणला होता. आसपासचं कुठलंही लग्न त्याच्यावाचून लागत नसे. त्या दिवशी मात्र पंगत बसत असतानाच महाडहून ट्रक आला आणि त्यातून शिसवी लाकडाचे, पुढे जाळीदार कापड लावलेले दोन भले मोठे डबे उतरले. विलायती स्पीकर होते ते, सयाजीशेटनं मुद्दाम मागवलेले.

"कोंड्या, उतरव तुझं ते गाढव," सयाजी भर मांडवात म्हणाला. "फार भुंकलं. आता माणसांचा आवाज ऐकू दे."

"गाढव भुंकतं व्हय शेट?" कुणीतरी म्हणालं आणि मांडव हसला. पण हसू कोंडाजीच्याच वाट्याला आलं.

डब्यांतून गाणं सुरू झालं तसा तो जागीच थबकला. गाणाऱ्या बाईनं घेतलेला श्वाससुद्धा ऐकू येत होता. त्याच्या कर्ण्यातून तीच बाई नाकात गायची. डब्यांचा आवाज खरोखरच गोड होता. ते त्याला कळलं, आणि कळलं म्हणूनच जास्त लागलं. मागे वळला तर सयाजीच्या माणसांनी कर्णा तोंड वर करून ठेवलेला, आणि वाढपी त्यात उष्ट्या पत्रावळी टाकत होते. सयाजी शेजारीच उभा होता. त्यानं कुणाला अडवलं नाही.

घरी प्रयागबाईनं, त्याच्या बायकोनं, तो कर्णा राखेनं घासून काढला.

"सोडून द्या आता," ती म्हणाली.

"सोडीन. आधी सयाजीला खाली उतरू दे."

त्यानंतर त्याला लग्नांची बोलावणी येईनाशी झाली. कोंडाजी नाचणी पेरत राहिला, आणि वाट बघत राहिला.

बासष्टच्या निवडणुकीत सयाजी उभा राहिला. मतं सगळी डोंगरावरच्या वाड्यांची, गुरं राखणाऱ्या माणसांची. त्यानं डोंगराच्या पायथ्याला माळावर दुपारची सभा ठेवली आणि ते डबे व्यासपीठाच्या दोन्ही अंगांना मांडले. मांडवात गोड वाजणारे डबे वाऱ्यापुढे टिकले नाहीत. पुढच्या चार माणसांना भाषण कळत होतं. मागच्यांना नुसतं हलणारं तोंड दिसत होतं. माणसं उठायला लागली.

तेव्हा रावजी धावत कोंडाजीकडे आला. रावजी वरच्या वाडीचा कारभारी, कोंडाजीचा लहानपणापासूनचा सोबती. "चल रे, कर्णा घे. शेटनं बोलावलंय."

"जाऊ नका," प्रयागबाई म्हणाली. कोंडाजी तोवर उठला होता.

सयाजीनं त्याच्याकडे नीट पाहिलंही नाही. "लाव तुझं. पण पुढं पाहुणे बसलेत, त्यांच्यासाठी माझे डबे चालू ऱ्हाऊ देत."

माळाच्या पार टोकाला ऐनाचं झाड होतं. रावजी स्वतः वर चढला आणि दोघांनी कर्णा बांधला, तोंड डोंगराकडे करून. डबेही कोंडाजीच्याच मशीनला जोडले; व्यासपीठाशेजारच्या त्या मशीनवर बटणं दोन होती: एक डब्यांचं, एक कर्ण्याचं. सयाजी पुन्हा बोलू लागला तसा शब्द न् शब्द वाड्यांपर्यंत पोचला. बायका अंगणात येऊन ऐकू लागल्या. "गायरान तुमचं हाय, तुमचंच ऱ्हाईल," सयाजी गरजला.

मग चहा आला. सयाजी माईकसमोरच खुर्चीत टेकला. कोंडाजीनं डब्यांचं बटण बंद केलं. कर्ण्याचा आवाज डोंगराकडे जात होता, व्यासपीठाकडे येत नव्हता; डबे मुके झाले तसं सयाजीला वाटलं, माईक बंद झाला. कोंडाजीचा हात दुसऱ्या बटणावर गेला आणि तिथंच थांबला.

सयाजी मेहुण्याकडे, मुरारीकडे वाकला. "मतं पडली की पयलं गायरानाला कुंपण. आंब्याची कलमं लावायची. ढोरं घेऊन ढोरांनी जावं कुठंबी."

माळाच्या मागच्या अंगाला माणसं चरकून उभी राहिली. एवढं पुरे होतं. कोंडाजीला ते कळत होतं. पण पत्रावळी डोळ्यांपुढून हलत नव्हत्या; त्याला अजून हवं होतं. बटण चालूच ठेवून त्यानं हात काढून घेतला.

"वाड्या ऐकतील?" मुरारीनं विचारलं.

"रावजी ऐकायला लावील. त्याच्या पोराला मुंबईला डायवर लावतो म्हटलंय."

ऐनाखाली उभ्या असलेल्या रावजीनं आपलं नाव डोक्यावरून जाताना ऐकलं. कोंडाजीनं बटण बंद केलं तेव्हा डोंगरावर आरडाओरडा सुरू झाला होता.

सयाजी पडला, असा पडला की महाडच्या बाजारात यायचा बंद झाला. गायरान राहिलं. वाडीवरच्या ठमाबाईनं कोंडाजीला ओवाळलं, "आमच्यासाठी केलंस रे बाबा," म्हणाली. त्याला तिच्याकडे बघवेना.

रावजीला वाडीनं वाळीत टाकलं. बिऱ्हाड घेऊन निघताना तो कोंडाजीच्या दारात थांबला.

"मी चुकलो. पण बटण तुझ्या हाताखाली व्हतं ना?"

"व्हतं."

"मग?"

रावजी बायकापोरांसह उतार उतरून एसटीच्या रस्त्याला लागला.

सयाजीचं कोंडाजीला कधीच वाईट वाटलं नाही. पुढंही कोणी त्या सभेची गोष्ट काढली की तो ती पहिल्यापासून ऐके, मनापासून हसे, आणि रावजीचं नाव यायच्या आधी उठून गोठ्याकडे जाई.