भिंतीला लागत नाही

ऐक, आधी नुसतं ऐक. मध्ये तोंड घालू नकोस, नाहीतर माझा धागा सुटेल.

चौकात पंक्चरचं दुकान आहे ना, त्या टायरवाल्याची पोरगी हँडबॉलची गोलकीपर. अख्खी गल्ली तिला 'भिंत' म्हणायची. आणि ही भिंत बांधली कुणी? बापानंच! दुकानामागच्या मोकळ्या जागेत जुन्या टायरच्या दोन चळती, तोच गोल. संध्याकाळी हाताचं काळं धुतलं की सुरू. बॉल फेकायचा कसला, मारायचाच तो! दंडावर, मांडीवर, कधी थेट नाकावर. पोरगी पडली की हा कमरेवर हात ठेवून विचारायचा, "काय झालं?" आणि तिनं पडल्या जागेवरून ओरडायचं, "काही नाही झालं!" तसं म्हटल्याशिवाय उठायचं नाही, हा नियम. एकदा करंगळी पार वाकडी झाली, तरी डोळ्यांत पाणी आणून तेच म्हणाली. बाप हसला. "भिंतीला कधी लागतं का गं?"

त्याची बहीण, म्हणजे पोरीची आत्या, दवाखान्यात नर्स. ती म्हणायची, "दादा, भिंतीला निदान कान तरी असतात. तुझ्या भिंतीला तू तोंडच ठेवलं नाहीस."

"तू गप गं. तिला देशासाठी खेळायचंय, तुझ्या वॉर्डात झोपायचं नाहीये."

आणि खेळली ना! केवढी ती स्पर्धा, कुठकुठले देश, पोहणारे, पळणारे, कुस्तीवाले, आणि त्यात आपली भिंत! ब्राँझच्या सामन्याला टायरवाल्याच्या दुकानात मुंगी शिरायला जागा नव्हती. काउंटरवर टीव्ही, लोक टायरांवर चढून बसलेले.

हाफ टाइम व्हायला आला होता. समोरच्या टीमची एक धिप्पाड पोरगी उडी मारते काय, अगदी जवळून फेकते काय, आणि बॉल फाटकन हिच्या कानशिलावर! पडली. टीमच्या डॉक्टरबाई धावत आल्या, वाकल्या, काहीतरी विचारलं. इथं ऐकू कुठलं यायला! पण बापाची सवय. टीव्हीपुढं कमरेवर हात ठेवून तो ओरडला, "काय झालं?"

अख्खं दुकान ओरडलं, "काही नाही झालं!"

आणि तिकडं तिचे ओठ हलले. तेच शब्द, स्पष्ट कळत होते! उठली. लोकांनी टायर बडवून बडवून दुकान डोक्यावर घेतलं.

हाफ टाइमनंतर मात्र बापाला काहीतरी खटकलं. गोलकीपर मागे न बघता हातानं खांब चाचपते ना, आपण कुठं उभे आहोत ते कळावं म्हणून? ही चाचपत होती, पण खांब सापडतच नव्हता. हात नुसता हवेत.

"पोरगी डळमळतेय का रे?" शेजारच्या न्हाव्यानं विचारलं.

"छे! काही नाही झालं," हा म्हणाला. न्हाव्याकडे न बघताच म्हणाला.

मग परत एक बॉल आला, तोंडावरच. या वेळी तिनं हातही वर केले नाहीत.

ब्राँझ मिळालं. बाकीच्या पोरी पदक घ्यायला उभ्या राहिल्या तेव्हा ही दवाखान्यात होती, बेशुद्ध.

आता घरी आहे. उजेड डोळ्यांत टोचतो, म्हणून बापानं खिडकीच्या फटींवर जुन्या ट्यूबचे तुकडे चिकटवलेत. कॉम्प्रेसर लावला की ती कान दाबून धरते, म्हणून हा हातपंपानं हवा भरतो. आणि लोक? पदक बघायला येतात! "काय जिद्द! एवढं लागूनही उठली! पोरं अशी हवीत!" बाप मान डोलवायचा. त्यालाही ते ऐकायला हवंच होतं ना.

एकदा आत्या भेटायला आलेली. पोरीला चमचा हवा होता, आणि 'चमचा' हा शब्दच आठवेना. हवेत बोटं फिरवता फिरवता गरम सूप मनगटावर सांडलं. दारातून बापानं सवयीनं विचारलं, "काय झालं?"

डोळे मिटूनच ती म्हणाली, "काही नाही झालं."

मनगट लालबुंद!

आत्याचा बांध फुटला. "ऐकलंस, दादा? त्या डॉक्टरबाईंशी बोललेय मी. चक्कर येतेय का, दोन-दोन दिसतंय का, सगळं विचारलं त्यांनी. त्यांनी तिच्या शब्दावर जायला नको होतं, ते त्याही कबूल करतात. पण हिचं सगळ्याला एकच उत्तर! खोटं नव्हती बोलत रे ती. दुसरं उत्तर तिला कुणी शिकवलंच नव्हतं!"

टायरवाल्यानं पाण्याचं भांडं आणलं. मग पोरीचं मनगट गार पाण्यात धरलं.

"झालंय गं बाळा. मला दिसतंय. माझी शपथ, सांग. कुठं दुखतंय?"

ती किती वेळ शब्द शोधत राहिली. "बाबा... सगळीकडे."

आणि रडली! लहानपणापासूनचं तुंबलेलं सगळं एकदम! बापही रडला, आत्याही. पण रडून गेलेलं परत येतं थोडंच? खेळ संपला तिचा. हरवलेले शब्द येतील, नाहीतर नाही येणार, डॉक्टरही नक्की सांगत नाहीत.

टायरवाला बदलला मात्र. दुकानामागं गल्लीतली पोरं अजून खेळतात. कुणी पडून "काही नाही झालं!" ओरडलं की हा हातातलं चाक टाकून धावतो. "आधी कुठं लागलं ते सांग. उठायला अख्खा जन्म पडलाय."

सोसतो तो शूर, हे आपण किती सहज पोरांच्या गळी उतरवतो! अरे, 'दुखतंय' म्हणायलाही छाती लागते, आणि ते ऐकून घ्यायला तर त्याहून मोठी.

आता तूच सांग. त्या दुकानात, टीव्हीपुढं, बापानं "काय झालं?" विचारलं तेव्हा तू ओरडून काय म्हटलं असतंस?