कॅल्शियमच्या बाटलीतली गोळी

मामांना रक्ताचा कॅन्सर झालाय, हे नातेवाइकांना फोन करकरून सांगून झालं होतं. मामी बरीच वर्षं मनाच्या आजारावर गोळी घेते, हे कोणालाच सांगितलं नव्हतं, म्हणजे सगळ्यांना माहीत होतं. आजाराआजाराची इभ्रत वेगळी असते.

त्यामुळे डॉक्टरीणबाईंनी पुढे केलेली गोळी बघून मामा हबकले. ती मामीचीच होती.

"माझं डोकं ठिकाणावर आहे," मामा म्हणाले.

"असू दे की. प्रयोगशाळेत या गोळीने कॅन्सरच्या पेशी वाढायच्या थांबल्या. माणसाच्या अंगात थांबतात का, ते बघायचंय. बाकीची औषधं तुम्हाला लागू पडत नाहीयेत, म्हणून विचारतेय."

मामांनी चाचणीच्या कागदावर सही केली. अट एकच होती: गोळ्यांची पाकिटं दर भेटीला दाखवायची, म्हणजे किती घेतल्या ते कळतं.

घरी मामीने सवयीने पाकिटं फोडली, गोळ्या आपल्या गोळ्यांसोबत कॅल्शियमच्या बाटलीत ओतल्या आणि पाकिटं कागदात गुंडाळून दूरच्या कचराकुंडीत टाकली. पाहुण्यांना दिसू नये म्हणून मामांनीच लावलेली ही शिस्त.

पुढच्या भेटीला मामांनी बाटलीच पुढे केली. मी गाडी चालवणारा भाचा, दाराशी उभा होतो.

"यात तर दिल्या त्याहून जास्त आहेत," नर्स म्हणाली. "काका, घेत नसाल तर चाचणीतून काढावं लागेल."

मामा भिंतीवरचं फुप्फुसांचं चित्र मन लावून बघू लागले.

"त्यात माझ्या आहेत," मामी म्हणाली. "डोक्याच्या. आता तुम्ही बोला हो, की भिंत बोलणारे?"

"हिच्याच आहेत," मामा म्हणाले. "लपवायला मीच सांगितलं होतं."

नर्सला यात काहीच विशेष वाटलं नाही, याचं मामांना जरा वाईटच वाटलं. तिने रक्त घेतलं. रक्तात औषध उतरलेलं दिसलं आणि मामा चाचणीत राहिले.

हल्ली दोघांची पाकिटं जेवणाच्या टेबलावर असतात. परवा शेजारीणबाईंची नजर तिथे गेलीच.

"हिची आणि माझी गोळी एकच," मामांनी न विचारता सांगितलं. "हिला मानवलीय. माझ्या रक्ताला पटते का, बघतोय."

शेजारीणबाईंनी पाकीट उलटून पाहिलं.

"माझी अर्धी असते," त्या म्हणाल्या.

मामीने त्यांच्यासाठी खुर्ची ओढली. "कुठल्या बाटलीत ठेवता?"