सासवा-सुनांची कबड्डी आणि जाडी केबल

कुडपणच्या जत्रेत पुरुषांची कबड्डी दरवर्षी होते. यंदा निशिगंधाने बायकांचा सामना ठरवला: सासवा एकीकडे, सुना दुसरीकडे. सुनांची कप्तान ती स्वतः आणि सासवांची कप्तान तिची सासू आनंदीबाई. पंच कोण, तर आनंदीबाईंचे यजमान हैबती.

"निकाल काय पण लागू दे, रातच्याला मला जेवाण मिळणार नाय," असं ते गावभर सांगत फिरत होते.

मुंबईत ज्यांना रजा मिळाली नव्हती त्यांना सामना मोबाईलवर लाइव्ह दाखवायचा होता. निशिगंधाचा नवरा शुभम त्यांच्यातलाच. हे काम तिच्या धाकट्या बहिणीकडे, श्रुतिकाकडे होतं. श्रुतिका महाडला मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात कामाला. आदल्या दिवशी ती पोचली तेव्हा गावात वीज नव्हती. घाटात तारेवर झाड पडलं होतं. घरोघरचे फोन बंद पडत आले होते. तिच्याजवळ महाडहून भरून आणलेली पॉवर बँक होती, पण चांगली केबल दुकानात टेबलावरच राहिली होती.

वीज अजून आली नव्हती, तरी सकाळी दहाला सामना सुरू झाला. देवळाच्या पारावर रेंजच्या दोन काड्या येत, तिथे श्रुतिका फोन धरून उभी राहिली. पॉवर बँकेला बहिणीची बाजारातली केबल लावली होती. नऊवारीचे काष्टे मारून सासवा उतरल्या, ओढण्या कमरेला बांधून सुना उतरल्या, आणि पहिल्याच चढाईत आनंदीबाईंनी दोघींना बाद केलं. मुंबईचे सत्तेचाळीस जण बघत होते. फोनवर मात्र चाळीस टक्क्यांचे एकतीस झाले. मग चोवीस.

मध्यंतराला सासवा अकरा, सुना नऊ, फोन चौदा.

"चार्जिंगला लावलायस ना?" निशिगंधा धापा टाकत आली.

"लावलाय गं ताई. पॉवर बँक भरलेलीच आहे, पण केबल बारीक आहे. येतंय त्यापेक्षा लाइव्हला जास्त जातंय. दहा मिनिटांत बंद पडेल."

श्रुतिकाने पारावरूनच ओरडून विचारलं, "फास्ट चार्जिंगच्या फोनबरोबर खोक्यात आलेली केबल कुणाकडे आहे का?"

तीन केबली आल्या. तिन्ही बारीक, एकीला तर चिकटपट्टी गुंडाळलेली. तेवढ्यात आनंदीबाई पाण्याचा तांब्या खाली ठेवत म्हणाल्या, "जाडी, पांढरी असते ती काय गो?"

"हो मावशी! आहे तुमच्याकडे?"

"शुभमने दिवाळीला फोन दिला ना, त्याच्या खोक्यात हाय. चार्जर केवढा थोरला! म्हटलं बिल वाढंल. मी आपली जुन्या बारक्यावरच लावते."

"अहो मावशी, तासाभरात भरणारा फोन तुम्ही दिवसभर लावून ठेवताय!"

"मग? मला कुठं जायचंय?"

एवढं बोलून त्या स्वतःच घराकडे पळाल्या. हैबतींनी मध्यंतर पाच मिनिटांनी वाढवलं. सुनांनी "रडीचा डाव!" म्हणून गलका केला. आनंदीबाई आल्या ते खोकं छातीशी धरून. आत केबल कागदी पट्टीत तशीच्या तशी, कोरी करकरीत.

श्रुतिकाने ती जोडली आणि फोनवर 'फास्ट चार्जिंग' अशी अक्षरं आली. फोन तापला होता, म्हणून तिने त्याचं कव्हर काढलं आणि पिंपळाच्या सावलीत सरकली. तेरा. पंधरा. अठरा. पारावर बसलेल्या म्हाताऱ्यांना आता दोन सामने बघायला मिळाले. कुणी चढाई मोजत होता, कुणी टक्के.

शेवटच्या मिनिटाला दोन्हीकडे अठरा अठरा झाले. चढाई आनंदीबाईंची. त्या "कबड्डी कबड्डी" करत आत शिरल्या, कोपऱ्यातल्या मुलीकडे हात टाकला आणि वळणार तोच निशिगंधाने त्यांचा घोटा धरला. मागून आणखी तिघी पडल्या. त्या ढिगाखालून आनंदीबाईंचा हात निघाला आणि बोटं मधल्या रेषेवर टेकली.

"आल्या! आल्या!" सासवा नाचायला लागल्या.

"पकड झाली!" सुना ओरडल्या.

सगळ्यांनी हैबतींकडे पाहिलं. हैबतींनी आकाशाकडे पाहिलं.

"तात्या, रेकॉर्डिंग आहे," श्रुतिका म्हणाली. "फोन बासष्टवर आहे. पुन्हा दाखवते."

"काय नको," आनंदीबाई साडी झटकत उठल्या. "बोटं लागली, पण त्याआधीच माझा दम सुटला होता. ह्या पोरीनं पाय धरला तशा गुदगुल्या झाल्या, हसायलाच आलं मला. बाद हाय मी."

मग निशिगंधानेच सासूला मिठी मारली आणि दोन्ही संघ त्यांच्याभोवती गोळा झाले. सुना एका गुणाने जिंकल्या. हैबतींनी सुटकेचा निःश्वास टाकून शिट्टी वाजवली.

लाइव्ह संपताच शुभमचा व्हिडिओ कॉल आला. कुणाची बाजू घ्यावी ते न कळून तो नुसताच हसत होता. आनंदीबाईंनी फोन तोंडाजवळ धरला.

"बघितलंस का रे? लग्नात पाया पडायला लाजत होती तुझी बायको. आज पाय धरला तो सोडतच नव्हती!"