बडबडीची वही

मित्रांनो, मी एक जुनी वही आहे. जुनी असूनही अर्ध्याहून जास्त कोरी आहे. मी तशी का राहिले, तेवढंच मला तुम्हाला सांगायचं आहे.

माझा जन्म पुस्तकं बांधणाऱ्या एका कारागिराच्या दुकानात झाला. मोठ्या रजिस्टरांच्या बांधणीतून उरलेले कागद तो कधी फेकत नसे. त्या कागदांतूनच त्याने मला शिवलं. म्हणून माझी काही पानं रेघांची, काही चौकटींची, तर काही साधी पिवळसर आहेत. पाठीला निळं कापड चिकटवून त्याने मला दोन दिवस वजनाखाली दाबून ठेवलं आणि मग आपल्या अकरा वर्षांच्या भाचीच्या हातात दिलं. तिचं तोंड म्हणून मिटत नसे. सगळे तिला बडबडीच म्हणत.

"घे," मामा हसत म्हणाला, "माझे कान पार किटले. आता हिचे किटव. भरली की सांग, दुसरी बांधून देतो."

घरात बडबडी आणि तिची आई, दोघीच. आई शाळांचे गणवेश शिवायची. मशीनच्या खडखडाटात तिला मुलीचं अर्धं बोलणं ऐकूच येत नसे. ते सगळं बोलणं माझ्याकडे येऊ लागलं.

'सुट्टीत आपल्याला शाळा नसते, पण शाळेच्या कपड्यांपायी आईला जेवायलाही वेळ नसतो. मग ही सुट्टी नक्की कुणाची?' असं तिने पहिल्याच पानावर लिहिलं. सिनेमा पाहून आली की ती दहापैकी मार्क द्यायची. एकदा हिरोला मिळाले सहा आणि त्याच्या कुत्र्याला साडेनऊ. अर्धा मार्क कापला, कारण तो शेवटी मेला आणि शेजारच्या मुलीने हिला रडताना पाहिलं. पुस्तकाचं शेवटचं पान आधी वाचणं ही चोरी आहे का, यावर तिने अडीच पानं खर्ची घातली. छंद म्हणाल, तर मशीनखाली सांडलेली बटणं गोळा करून त्यांना नावं देणं. एक चपटं काळं बटण होतं, ते मुख्याध्यापक. मी मनातल्या मनात किती हसायचे!

एका रविवारी आईने तिला तळ्यावर न्यायचं कबूल केलं होतं. बडबडी सकाळपासून चपला घालून बसली होती. तेवढ्यात एका शाळेचे चाळीस गणवेश परत आले, कॉलर चुकली म्हणून. आई लगेच मशीनवर बसली. बडबडीने मला ओढलं आणि पान फाटेल इतक्या जोराने लिहिलं, 'आईला माझ्यापेक्षा मशीन आवडतं. मी शेजारच्या काकूची मुलगी असते तर बरं झालं असतं.'

दुसऱ्या दिवशी ती शेजारी खेळायला गेली असताना आई कापड आवरत होती. मी उघडीच पडले होते. आईने तेवढंच एक पान वाचलं. तिचा चेहरा उतरला. तिने कुणाला हाक मारली नाही की आदळआपट केली नाही. मला चिंध्यांच्या गाठोड्यात अगदी तळाशी घातलं आणि घट्ट गाठ मारली.

संध्याकाळी बडबडीने सगळं घर पालथं घातलं.

"आई, माझी वही बघितलीस का गं?"

"मला काय विचारतेस? वस्तू जागच्या जागी ठेवायला नकोत?"

मी गाठोड्यातून हे ऐकत होते. पण वहीला स्वतःचा आवाज नसतो, मित्रांनो. तिला वाचणाऱ्याचाच आवाज असतो.

राग निवळल्यावर आईला मला परत द्यायचं असेलही. पण खोटं एकदा बोलून झालं होतं आणि रोज ते सांगणं अधिक अवघड होत गेलं. त्या घरात हळूहळू नुसता मशीनचाच आवाज उरला. "सिनेमा कसा होता गं?" आई विचारायची. "बरा होता," एवढंच उत्तर यायचं. पोरगी आता शहाणी झाली, असं येणारेजाणारे म्हणायचे. आई हो म्हणायची, पण तेवढ्यापुरतं तिचं मशीन थांबायचं.

सात वर्षं मी चिंध्यांत काढली. मधल्या काळात एके दिवशी घरात खूप रडणं ऐकू आलं. मामा गेला होता.

पुढच्या शिक्षणासाठी बडबडी दुसऱ्या गावी निघाली, त्या दिवशी आईने गाठोडं सोडलं आणि मला तिच्यापुढे धरलं. ते पान उघडून दाखवलं.

बडबडीने वाचलं. "हे मी लिहिलं होतं? मला तर आठवतही नाही गं."

"मला रोज आठवायचं," आई म्हणाली. "पण तू मामाकडून दुसरी का नाही आणलीस?"

"कुठल्या तोंडाने मागणार? मला वाटलं, मीच हरवली. त्याने दोनदा विचारलं, वही कुठवर आली? मी म्हटलं, भरत आलीय. तो पुन्हा विचारेल म्हणून दुकानाकडे जायचंच सोडलं. आजारी होता ना, तेव्हासुद्धा त्याच्या दारापर्यंत जाऊन परत आले."

बडबडी आईवर चिडली असती तर बरं झालं असतं. पण ती चिडली नाही. तिने एका कोऱ्या पानावर तारीख घातली, बराच वेळ पेन धरून बसली आणि मग टोपण लावून बॅग भरू लागली. मला तिने टेबलावरच ठेवलं.

मित्रांनो, कुणाची वही उघडी दिसली तर ती मिटून ठेवा. चुकून वाचलीच, तर त्याच दिवशी सांगून टाका. भांडण होईल, होऊ द्या. ते चार दिवसांत मिटतं. आणि घरातलं बडबडं माणूस अचानक गप्प झालं, तर त्याला शहाणं म्हणू नका. जवळ बसून विचारा.

माझी एकशे बारा पानं अजून कोरी आहेत. आई दर आठवड्याला माझ्यावरची धूळ पुसते. उघडत मात्र नाही.