कोणता नवस?

दुसऱ्याच्या भानगडीत नाक खुपसल्याशिवाय कीर्तिला जेवण गोड लागत नसे. त्यामुळे लांबलचक रजेनंतर सीतालक्ष्मी दुकानात परतली ती तुळतुळीत डोक्याने, तेव्हा हातातली साडी टाकून कीर्ति धावलीच.

"अक्का, कोणता नवस? तिरुपतीचा?"

कुंभकोणमात मुंडण दिसलं की हे कोणीही कोणालाही विचारतं. तिथल्या जुन्या तंजावरी मराठी घरातल्या हनुमंतरावांच्या रेशमी साड्यांच्या दुकानात कामावरच्या बायकांना वेणी आणि गजरा सक्तीचा. सकाळी दारातच टोपलीतून गजरे वाटत. पण मागे दुकानातलीच अलमेलु नवस फेडून मुंडण करून आली, तेव्हा रावांनी तिला डोक्याला चंदन लावून मुद्दाम पुढे बसवलं होतं. गिऱ्हाइकं तिला नमस्कार करत.

"नवस नव्हे गे," सीतालक्ष्मी म्हणाली. "औषधानें गेले. कॅन्सर होता. आतां बरी आहें."

हे रावांच्या कानावर पडलं. माणूस वाईट नव्हता, भित्रा होता. वाईट माणसाशी निदान भांडता तरी येतं.

"लग्नाचें रेशमी पट्टू घ्यायला लोक येतात," ते गोदामाची किल्ली गादीवर तिच्यापुढे ठेवत म्हणाले. "रोगाचें नांव ऐकून पायरी चढतील? केस येईतों तूं आंत बैस. नाहीं तर चंदन लाव, नवस म्हण. मग तुझी जागा तुझी."

ती बसली होती तो गादीचा, नवरीच्या साड्यांचा कोपरा सीतालक्ष्मीने वर्षानुवर्षं सांभाळला होता. आजारपणात तिने परत यायचं ठरवलं, ते त्याच जागेसाठी.

कीर्तिला राहवेना. "अलमेलुचें डोकें असेंच होतें की. मग नियम डोक्याला आहे की कारणाला?"

"घड्या घाल," राव म्हणाले.

कीर्ति गुपचूप चंदनाची वाटी घेऊन आली. "लाव की अक्का. एवढ्याशा लबाडीनें काय होतें?"

"आस्पत्रींत सगळीं म्हणालीं, तिरुपतीच्या पेरुमाळाला कांहीं नवस बोल. मीं नाहीं बोललें. त्यानें कांहीं न मागतां वांचवलें. आतां त्यानें माझे केस घेतले म्हणून कसें सांगूं?"

कीर्तिला स्वतःची लाज वाटली. वाटी तिने मागे लपवली.

सीतालक्ष्मी किल्ली घेऊन उठणार, तोच तिरुक्करुगावूरहून एक बाई मुलीच्या लग्नाचं पट्टू घ्यायला आल्या आणि सरळ तिच्यासमोर बसल्या. तिचं डोकं पाहून त्यांनी हात जोडले.

"कोणता नवस, अम्मा?" त्यांनी तमिळमध्ये विचारलं.

राव खाकरले. चंदनाची वाटी अजून कीर्तिच्या हातात होती.

"नवस नाही," सीतालक्ष्मी म्हणाली. "कॅन्सरच्या औषधाने गेले."

बाईंचे जोडलेले हात तसेच राहिले. राव घाईने पुढे झाले. "सीतालक्ष्मी, तूं आंत जा. कीर्ति दाखवेल."

"थांबा," बाई म्हणाल्या. "माझ्या बहिणीचेही असेच गेलेत. घराबाहेर पडत नाही. लग्नालाही येणार नाही म्हणते." त्यांनी फोन काढून बहिणीला व्हिडिओ कॉल लावला. "तिच्यासाठी एखादी साडी निवडाल?"

पडद्यावर डोक्याला पिवळा टॉवेल गुंडाळलेली एक बाई दिसली. सीतालक्ष्मीने तब्येतीचं काही विचारलं नाही. नेहमीच्या गिऱ्हाइकाला दाखवावी तशी एक हिरवी आणि एक कुंकवाच्या रंगाची साडी तिने फोनसमोर धरली.

"टॉवेलाचा पिवळा मध्ये येतोय," ती म्हणाली. "रंग ठरत नाही. काढता का?"

पलीकडच्या बाई सीतालक्ष्मीच्या डोक्याकडे पाहत होत्या. मग त्यांनी हळूच टॉवेल सोडला.

"हिरवीच," सीतालक्ष्मी म्हणाली. "तुमच्या चेहऱ्याला हिरवीच."

पलीकडच्या बाईंनी डोळे पुसले आणि पदर कसा आहे ते विचारलं.

रावांनी गादीवरची किल्ली उचलून खिशात टाकली. मग आत जाऊन हिरव्या साड्यांचा गठ्ठा त्यांनी स्वतः आणला आणि सीतालक्ष्मीसमोर ठेवला.